बासरीवर पोट भरतं का? आणि बासरीच्या करिअरबद्दल नेहमी येणारे बाकीचे प्रश्न

क्लासची चौकशी करणारे, मुलाला घेऊन येणारे आईवडील, नोकरी सोडायच्या बेतात असलेले इंजिनियर, परदेशातून मेसेज करणारे, सगळे साधारण हेच विचारतात. म्हणून एकदा सगळं एका ठिकाणी लिहून ठेवलंय. इथे बोलणं हिंदुस्थानी शास्त्रीय बासरीबद्दल आहे, कर्नाटक पद्धतीची वेणू वेगळी, तिची भोकं आणि धरायची पद्धतही वेगळी. एक उत्तर दुसऱ्यात जिथे जातं तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, आत्ताच क्लास लावू का?

लावू नका. सहाव्या वर्षी बोटं भोकांवर नीट बसत नाहीत, एखाद्या भोकातून हवा निसटते, आवाज फाटतो आणि पोरगं कंटाळतं. आठ-नऊ वर्षांचा होईपर्यंत त्याला गायला बसवा, सरगम म्हणू दे, हातावर ताल धरू दे. बासरी सगळी गायकी अंगाने, म्हणजे गाण्यासारखी वाजते, त्यामुळे गळ्यातून सूर गेलेला मुलगा पुढे भराभर पुढे जातो. मोठ्यांना वयाची अट नाही, पण करिअरचं गणित वेगळं, त्यासाठी प्रश्न ५ बघा.

२. पहिली बासरी कुठली घ्यायची? जत्रेतली चालेल?

जत्रेतली खेळायला छान. शिकायला सुरात केलेलीच लागते. बासरीची पट्टी पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या नंबरने सांगतात, पांढरी एक म्हणजे सी. लहान मुलाला पांढरी एकची मध्यम बासरी द्या, साधारण १९ इंचाची. मोठ्या माणसाने पांढरी पाचपासून सुरुवात करावी आणि बोटं ताणायला लागली की पांढरी तीनवर यावं. दुकानदार हिलाच ई बेस म्हणतात, ती जवळपास ३० इंच लांब असते आणि मैफलीत बहुतेक वेळा तीच दिसते. पट्टी ओळखायची सोपी रीत म्हणजे वरची तीन भोकं झाकून जो स्वर येतो तो षड्ज, म्हणजे सा.

घेताना दोन गोष्टी करा. मोबाइलवर ट्यूनर लावून मध्य सा आणि तार (वरच्या सप्तकातला) सा दोन्ही तपासा, बऱ्याच बासऱ्यांत एक जमतो आणि दुसरा चढतो. आणि सगळी भोकं झाकून मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, हळू फुंकीत येतो का बघा. चांगला बांबू आसामकडून येतो, पातळ सालीचा आणि लांब पेरांचा, आणि उत्तर प्रदेशातल्या पिलिभीतला बासऱ्या करणारी घरंच्या घरं आहेत. पहिलीच बासरी महागडी घेऊ नका, तुमची फुंक तयार झाल्याशिवाय तिच्यातला फरक तुम्हाला कळणारच नाही.

३. यूट्यूबवरून शिकलं तर चालतं का?

गाणी वाजवायची असतील तर चालतं. राग वाजवायचा असेल तर कान पकडणारं कोणीतरी समोर लागतं. कारण सांगतो. एक भोक झाकलं की ग, सगळी उघडी की तीव्र म, आणि शुद्ध मध्यमाला स्वतःचं भोकच नाही, तो वरचं भोक अर्धं उघडून काढायचा. अर्धं म्हणजे किती हे व्हिडिओत दिसत नाही, ते ऐकूनच ठरतं. कोमल ग, कोमल नी, सगळ्यांची हीच गत. त्यात मध्यमावरून पंचमावर जाताना एकदम सहाच्या सहा बोटं बसवावी लागतात, मध्ये खट्ट असा आवाज येतो आणि तो स्वतः वाजवणाऱ्याला बरेच दिवस ऐकूच येत नाही. शिकवणाऱ्याला पहिल्या सेकंदाला येतो.

४. बासरीवर खरंच पोट भरतं का? खरं सांगा.

भरतं, पण ज्या चित्राकडे बघून लोक विचारतात त्या चित्राने नाही. स्टेजवर एकटा बसलाय, मागे तानपुरे, बाजूला तबला, समोर हजार माणसं, असं वाजवून घर चालवणारे बासरीवाले देशभरात मोजके. बाकी सगळ्यांचं उत्पन्न तीन-चार ठिकाणांहून येतं: शिकवणं, गायकांना आणि नृत्याला साथ, रेकॉर्डिंग, आणि मधूनमधून एकल कार्यक्रम. यात महिन्याच्या महिन्याला येणारी रक्कम फक्त शिकवण्याची.

कार्यक्रमांचा सीझन गणपतीपासून सुरू होतो, दिवाळी पहाटला कळस, मग डिसेंबर-जानेवारीत महोत्सव, आणि मार्चनंतर शुकशुकाट. क्लासचं वेगळं, फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा म्हणून मुलं गायब, मे महिन्यात गावाला, जूनमध्ये नवीन चेहरे. म्हणजे मार्च-एप्रिलला दोन्हीकडून हात कोरडे, तेवढे दोन महिने निघतील इतकी शिल्लक हाताशी हवीच. एकल कार्यक्रमाचं मानधन ऐकायला बरं वाटतं पण लहान संस्था बहुतेक वेळा एकच आकडा सांगतात आणि त्यातूनच तबलजी, तानपुऱ्यावर बसणारी मुलं, टॅक्सी सगळं भागवायचं असतं, म्हणून हो म्हणायच्या आधी "साथीदार यात धरलेत का" हे फोनवरच विचारा. लाजायचं कारण नाही.

"शिकवायला लागलो म्हणजे वादक म्हणून संपलो" असं तरुण मुलं म्हणतात तेव्हा मला राग येतो. रोज नवशिक्याला यमन राग समजावून सांगणाऱ्याचा यमन पक्का होतो, आणि पुढच्या आयुष्यात तुमचं वादन समजून ऐकणारे पहिले श्रोते तुमचेच विद्यार्थी असतात.

५. मी पस्तीस वर्षांचा, आयटीत आहे. नोकरी सोडून पूर्णवेळ बासरी करू का?

नोकरी सोडू नका, निदान आत्ता तरी. बासरीतली मोठी माणसंही पगारावर होती हे कोणी सांगत नाही. हरिप्रसाद चौरसिया १९५७ साली कटकच्या आकाशवाणीत लागले, तिथून मुंबईला बदली झाली. पन्नालाल घोषांनी मुंबईत सिनेमाची कामं केली आणि १९५६ पासून दिल्लीला आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचं काम बघितलं. विजय राघव राव फिल्म्स डिव्हिजनमध्ये होते. हे पगार संगीताचेच होते हे खरं, पण दर महिन्याला येत होते.

पस्तिशीत सुरुवात करून उत्तम शिक्षक आणि चांगला साथीदार होता येतं, मेहनत घेतलीत तर छोट्या बैठकाही होतील. आधी पहाटेचा रियाज वर्षभर टिकवून बघा. तो टिकला नाही तर नोकरी सोडल्यावरही टिकणार नाही, फक्त कारणं बदलतील.

६. साथ करणं आणि एकल वाजवणं यात नक्की काय फरक आहे?

जवळजवळ दोन वेगळे धंदे आहेत. एकल वाजवणारा एक-दोन बासऱ्यांवर संध्याकाळ काढतो. साथीदार पिशवी घेऊन हिंडतो, तिच्यात सगळ्या पट्ट्यांच्या बासऱ्या, काही पट्ट्यांच्या मोठ्या आणि छोट्या दोन्ही. तबला थोडा चढवता-उतरवता येतो, पेटीवाला पट्टी बदलतो, बासरीचं तसं नाही, ती जी आहे ती आहे. गायिका ग्रीनरूममध्ये म्हणते, "आज घसा बसलाय, अर्धा सूर खाली घेऊया," आणि तुमच्याकडे काळी चारच्या खालची पांढरी पाच नसेल तर तुम्ही घरी.

शिवाय साथीला नोटेशन पटकन वाचता आलं पाहिजे, भावगीतात दोन ओळींच्या मधली जागा भरून वेळेवर गप्प बसता आलं पाहिजे. हे गप्प बसणं बऱ्याच चांगल्या वादकांना जमत नाही आणि मग पुढच्या कार्यक्रमाला फोन येत नाही. कथक-भरतनाट्यमची साथ करायची असेल तर तालमींना जावं लागतं, तालमीचे पैसे वेगळे ठरवा.

७. आकाशवाणीची ऑडिशन द्यावी का? आता रेडिओ ऐकतं कोण?

द्या. किती जण ऐकतात हा मुद्दाच नाही. बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी आहेत, आणि संस्था, कॉलेजं, सरकारी महोत्सव अजूनही बायोडेटात ही ओळ शोधतात. श्रेणी मिळाली की अधूनमधून ध्वनिमुद्रणाला बोलावणं येतं आणि मोजक्या मिनिटांत आलाप-गत आटोपशीर मांडायची सवय लागते. घड्याळाकडे बघून राग मांडणं ही वेगळीच विद्या आहे, ती मैफलीत शिकायला मिळत नाही.

८. विशारद झालो की शिक्षक होता येतं ना?

घरी क्लास काढायला कुठलंच सर्टिफिकेट लागत नाही. पण पालक विचारतात, त्यामुळे असलेलं बरं. आपल्याकडे मुख्यतः अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा चालतात: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. राज्य मंडळाच्या दहावीला शास्त्रीय कला शिकणाऱ्यांना वाढीव गुण मिळतात, त्यामुळे आठवी-नववीत अचानक बासरीप्रेम उफाळून येतं, तेही असो. त्यातली थोडी मुलं टिकतात आणि टिकलेली चांगली निघतात.

कॉलेजात किंवा विद्यापीठात प्राध्यापक व्हायचं तर संगीतात एमए आणि वर नेट-सेट किंवा पीएचडी लागते. बासरीच्या स्वतंत्र जागा फार कमी निघतात, हे आधीच माहीत असू दे. परीक्षेसाठी बसवलेले पाच राग म्हणजे वादन नव्हे हेही खरं, विशारद झालेल्या कितीतरी मुलांना अर्धा तास एक राग वाजवता येत नाही.

९. शिकायला सरकारी पैसे मिळतात का?

मिळतात. १० ते १४ वयाच्या मुलांसाठी सीसीआरटीची, म्हणजे केंद्र सरकारच्या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची, शिष्यवृत्ती आहे. १८ ते २५ वयासाठी केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकार शिष्यवृत्ती आहे, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. त्यापुढे ज्युनियर फेलोशिप महिना १०,००० आणि चाळिशीनंतर सीनियर फेलोशिप २०,००० रुपये, पण या दोन्हींना एखादा अभ्यासाचा विषय घेऊन लिखापढीचं काम करावं लागतं. जाहिरात आली की लगेच अर्ज करा, गुरूंचं पत्र शेवटच्या दिवशी मागायला जाऊ नका. पैसे उशिरा येतात, त्यावर घराचा हप्ता ठरवू नका.

१०. बासरीचं घराणं कुठलं? बायोडेटात काय लिहू?

गाण्यासारखी जुनी घराणी बासरीत नाहीत, कारण मैफलीचं वाद्य म्हणून तिचं वयच कमी. १९११ साली बारिसालला, म्हणजे आजच्या बांगलादेशात, जन्मलेल्या पन्नालाल घोषांनी मोठी, ३२ इंचांच्या आसपासची बासरी मैफलीत आणली आणि तिच्यावर ख्याल अंगाने विलंबित वाजवून दाखवला. मंद्रातला तीव्र मध्यम मिळावा म्हणून करंगळीसाठी सातवं भोक पाडलं. पुढे, आधीच नावाजलेले असताना, १९४७ पासून ते बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे शिकले. १९६० साली ते गेले तेव्हा पन्नाशीसुद्धा झाली नव्हती. त्यांची परंपरा देवेंद्र मुर्डेश्वरांकडून पुढे आली, पुण्यात केशव गिंडे आणि मुंबईत नित्यानंद हळदीपूर हे त्याच वाटेवरचे.

दुसरी मोठी वाट हरिप्रसादजींची, त्यांच्या गुरू अन्नपूर्णादेवी, म्हणजे बाबांच्याच कन्या. म्हणजे दोन्ही वाटा मैहरला, बाबांच्या घराण्याला, जाऊन भेटतात. तरीही दोन्हींचं वाजवणं ऐकलंत तर फरक लगेच कळतो: एकीकडे गाण्याचा ठेहराव, दुसरीकडे जोड-झाल्याचं तंतकारी, म्हणजे सतार-सरोदसारखं अंग आणि जिभेचे तुतकार. बायोडेटात "अमुक यांच्याकडे इतकी वर्षं शिक्षण" एवढं लिहा, पुरे. दोन दिवसांच्या कार्यशाळेला बसून "यांचा शिष्य" लिहू नका, हे क्षेत्र लहान आहे, आयोजक फोन करून विचारतात.

११. गुरू बदलला तर वाईट दिसतं का?

न सांगता बदललात तर दिसतं. हरिप्रसादजी आधी पंडित राजाराम यांच्याकडे गाणं शिकले, मग भोलानाथ प्रसन्ना यांच्याकडे बासरी, मग अन्नपूर्णादेवींकडे. हळदीपूरही चिदानंद नगरकर, मुर्डेश्वर आणि अन्नपूर्णादेवी अशा तिघांकडे शिकलेत. तेव्हा बदलणं हे पाप नाही. समोर जाऊन सांगा, नमस्कार करा, मग जा. एकाच वेळी दोघांकडे मात्र शिकू नका, एक म्हणतो फुंक कमी कर, दुसरा म्हणतो वाढव, आणि तुम्ही मध्ये लटकता.

१२. मी डावखुरा आहे, बासरी उलटी धरली तर चालेल?

चालेल. सहा भोकांची बासरी दोन्हीकडून सारखीच. अन्नपूर्णादेवींकडे नव्याने सुरुवात करायची म्हणून हरिप्रसादजींनी उजवीकडची बासरी डावीकडे घेतली, आणि ते आयुष्यभर तशीच वाजवत आले. अपवाद एकच: सात भोकांच्या बासरीत करंगळीचं भोक बाजूला सरकवलेलं असतं, तिथे ऑर्डर देतानाच डावखुरी हवी म्हणून सांगावं लागतं.

१३. मुलींना जड जाते म्हणतात, खरं का?

नाही. तळहात लहान असेल तर पांढरी तीनऐवजी काळी तीन किंवा पांढरी चार धरा, हे मुलग्यांनाही लागू. देबोप्रिया आणि सुचिस्मिता चटर्जी या बहिणींचं वादन ऐका, दक्षिणेत सिक्किल भगिनी कितीतरी आधीपासून वाजवत होत्या.

१४. स्वतःचा क्लास काढायचाय, सुरुवात कशी करू?

चार मुलांपासून. एका बॅचमध्ये सगळ्यांच्या बासऱ्या एकाच पट्टीच्या हव्यात, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर एक काळी एक, एक पांढरी पाच आणि खोलीत नुसता गोंगाट. शक्य असेल तर एकाच कारागिराकडून घ्या, कारण दोन कारागिरांची पांढरी पाचसुद्धा तंतोतंत जुळेलच असं नाही. फी महिन्याची घ्या, तासाची नको. चुकलेल्या तासाचं काय करायचं हे आधी लिहून द्या, भांडणं सगळी तिथेच होतात. सोसायटीत असाल तर दुपारी दोन ते चार बंद ठेवा, तयार बासरी शेजाऱ्यांना आवडते पण नवशिक्याच्या शिट्ट्या कोणालाच आवडत नाहीत. पहिल्या आठवड्यात मुलांना फुंकताना गरगरतं, ते नॉर्मल आहे, थांबवून पाणी द्या.

१५. ऑनलाइन शिकवता येतं का? अमेरिकेतले विद्यार्थी विचारतात.

येतं, आणि आता बऱ्याच शिक्षकांचा पहाटेचा वेळ न्यू जर्सी-कॅलिफोर्नियाच्या मुलांचाच असतो, तिथे तेव्हा आदली संध्याकाळ. दोन अडचणी आहेत. एक म्हणजे आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे दोघांनी एकत्र वाजवता येत नाही, तुम्ही वाजवायचं मग त्याने, आणि तानपुरा प्रत्येकाने आपापल्या खोलीत लावायचा. दुसरी म्हणजे झूम लांब धरलेल्या सुराला पंख्याचा आवाज समजून कापून टाकतं, मूल बिचारं दमसास लावून षड्ज धरतंय आणि इकडे तुम्हाला तीन सेकंदांनी शांतता. ओरिजिनल साऊंडची सेटिंग दोन्हीकडे चालू करा, मग बरंच सुधारतं. अगदी नवशिक्याला मात्र पहिले काही महिने समोरासमोरच हवेत, ओठांचा कोन कॅमेऱ्यात नीट कळत नाही.

१६. जीएसटी, टीडीएस वगैरे आपल्याला लागतं का?

आयोजक मानधनातून टीडीएस कापतात, तो रिटर्न भरलं की हिशोबात धरला जातो, म्हणून उत्पन्न कमी असलं तरी रिटर्न भरा. जीएसटीची नोंदणी सेवेच्या व्यवसायाला साधारणपणे वर्षाला २० लाखांच्या पुढे. त्यातही शास्त्रीय किंवा लोककलेच्या कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर ते करमुक्त. मेख अशी की ही सवलत शास्त्रीय आणि लोककलेलाच आहे, त्याच बासरीवर सिनेमाची गाणी किंवा फ्युजन वाजवलंत तर नाही. आकडे बदलत असतात, मोठं काम आलं की सीएला विचारा. बहुतेकांना हा प्रश्न पडावा इतकी कमाई होवो.

१७. यूट्यूबवर टाकलेल्या माझ्या रागाला कॉपीराइट क्लेम आला. असं कसं?

रागावर कोणाची मालकी नसते, पण मशिनला ते कळत नाही. तोच राग, तीच पट्टी, तसाच आलाप कुठल्या कंपनीच्या रेकॉर्डशी जुळला की कधीकधी क्लेम येतो, तो रीतसर डिस्प्यूट करा, वादन स्वतःचं आहे एवढं लिहा. सिनेगीत वाजवलंत तर गोष्ट वेगळी, तिथे चाल कोणाच्या तरी मालकीची आहे आणि जाहिरातीचे पैसे तिकडे जाऊ शकतात.

१८. एसी हॉलमध्ये बासरी उतरते, प्रवासात तडकते. काय करावं?

थंड हवेत बासरी उतरते आणि फुंकून गरम झाली की चढते, म्हणून पडदा उघडायच्या आधी दहा मिनिटं वाजवून मग तानपुरा आणि तबला जुळवा, उलट क्रमाने करू नका. तडकू नये म्हणून दोऱ्याची वेटोळी घट्ट बांधलेली हवीत आणि मधूनमधून आतून मोहरीचं किंवा बदामाचं तेल फिरवा. पावसाळ्यात वाजवून झाल्यावर आतून पुसा, नाहीतर बुरशी धरते. प्रवासाला पीव्हीसी पाइप, दोन्हीकडे झाकणं, आत जुनं सुती धोतर, यापेक्षा चांगली पेटी मी बघितली नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाताना बांबूची वस्तू फॉर्मवर जाहीर करावीच लागते, लपवलीत तर दंड.

१९. दातांना तारा लावल्यात, वाजवता येईल का? आणि कवळी लागली तर?

तारा असताना येतं, पहिले काही आठवडे आवाज विस्कटतो मग ओठ जुळवून घेतो. पुढचे दात काढायचे असतील तर डेंटिस्टला आधी सांगा की तुम्ही फुंकीचं वाद्य वाजवता, आणि फिटिंगच्या दिवशी बासरी घेऊन जा. कवळी सैल असेल तर तार सप्तक पहिलं जातं, तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्याच तार षड्ज वाजवून बघायचा आणि मगच बिल द्यायचं. मिशीने काही होत नाही, हाही प्रश्न येतो म्हणून लिहिलं.

२०. म्हातारपणी काय? पेन्शन वगैरे?

खासगी शिक्षकाला स्वतःचीच सोय करावी लागते, पीपीएफ किंवा एनपीएस चालू करा आणि आरोग्य विमा तरुणपणीच घ्या. महाराष्ट्रात ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे, ती पन्नाशीपुढच्यांना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना. अर्जासोबत केलेल्या कामाचे पुरावे मागतात, म्हणून कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणं, आकाशवाणीची करारपत्रं आजपासून एका फाइलमध्ये लावत जा, आणि सगळ्याचे फोटो काढून ठेवा.